होडीच्या गाद्यांचा कुबट वास

कोकणात खाडीकाठच्या बऱ्याच गावांत आता बायका पर्यटकांना होडीतून फिरवू लागल्या आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, हे तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमा, गणपती झाले की त्या पुन्हा पाण्यात उतरवायची तयारी सुरू होते. होडी रंगवून झाली, वल्ही पुसून झाली, पण बसायच्या गाद्या बाहेर काढल्या की नाकाला पदर लावावा लागतो. आज आपण त्या कुबट वासाबद्दल बोलणार आहोत.

हा वास येतो कुठून? त्याचं कारण बुरशी, म्हणजे आपण ज्याला बुरा म्हणतो ती. तिचे कण हवेत सदैव असतात. ओल, ऊब आणि थोडा मळ मिळाला की त्या वाढू लागतात. ओली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, की बुरशीचं फावतं. गादीतला फोम स्पंजासारखा असतो. वरची खोळ हाताला कोरडी लागते, पण आत पाणी तसंच राहतं.

होडीच्या गादीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मीठ. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ मात्र गादीत उरतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला कसं पाणी सुटतं ते आठवा. गादीतलं मीठही तसंच हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेली गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही. आधी गोड्या पाण्याने मीठ काढावं लागतं.

अत्तर, उदबत्ती किंवा डांबरगोळ्या हा यावरचा उपाय नव्हे. त्याने वास झाकला जातो, बुरशी राहते. शिवाय डांबरगोळ्यांचा वास अंगाला बरा नाही. बुरशीचे कण श्वासात गेले तर शिंका, खोकला येतो आणि दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. होडीत बसणाऱ्या पाहुण्यांचा आणि दिवसभर त्याच गादीवर बसणाऱ्या आपल्या मैत्रिणीचा, दोघांच्याही तब्येतीचा हा प्रश्न आहे.

आता कृती सांगते. स्वच्छ ऊन आणि वारा असलेले तीन-चार दिवस निवडा. ऑक्टोबरचं ऊन यासाठी उत्तम. नाकातोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घाला. दमा असलेल्या बाईने आणि मुलांनी या कामापासून लांब राहावं.

गाद्या अंगणात न्या, घरात झटकू नका. चेन उघडून खोळ आणि फोम वेगळे करा. खोळ आधी कोरड्या ब्रशने घासा, मग साबणाच्या पाण्यात धुवा. शिवणीत आणि चेनच्या कडेला बुरशी दडते, तिथे जुन्या दातब्रशने घासा.

फोम मोठ्या टबात थोड्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि दोन्ही तळव्यांनी दाबत राहा. पिळू नका, पिळल्याने फोम फाटतो. काळं पाणी निघेल, ते ओता. मग गोड्या पाण्याने निदान तीन वेळा दाबून दाबून खळबळा. साबण निघेल, मीठही निघेल.

नंतर एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि एक वाटी पाणी एकत्र करून फोमवर दोन्ही बाजूंनी शिंपडा. तासभर ठेवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. व्हिनेगरचा आंबूस वास वाळताना निघून जातो.

इथे एक गोष्ट नीट ऐका. व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. फोमसाठी तर ब्लीच वापरूच नका.

वाळवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. फोम आडवा टाकू नका, कडेवर उभा ठेवा, म्हणजे पाणी खाली निथळतं. खाली बाज किंवा काठ्या ठेवा. सकाळचं ऊन द्या, मग वाऱ्याच्या सावलीत ठेवा, कारण फार दिवस कडक उन्हात राहिला तर फोम पिवळा पडून भुगा होतो. दर काही तासांनी बाजू पालटा आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या. चुलीवर किंवा शेगडीजवळ मात्र वाळवू नका. फोम चटकन पेट घेतो.

वाळला की नाही, हे कसं ओळखाल? फोमखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि वर पाच मिनिटं बसा. कागद दमट झाला तर अजून एक दिवस द्या. कागद कोरडा राहिला, की मग खाण्याचा सोडा दोन्ही बाजूंनी भुरभुरवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्रशने झाडून काढा. सोडा उरलेला वास ओढून घेतो. सोडा आणि व्हिनेगर एकाच वेळी घालू नका. नुसता फेस येतो आणि दोघांचाही गुण जातो.

दोनदा धुऊनही वास परत आला, फोमचा भुगा पडत असेल, किंवा आतपर्यंत काळे डाग गेले असतील, तर तो फोम टाकून द्या. मुलांच्या उशीत भरू नका आणि जाळू तर मुळीच नका, धूर विषारी असतो. नवीन घेताना पाणी न शोषणारा फोम मागा. दुकानदाराला होडीसाठी हवा असं स्पष्ट सांगा. खोळीच्या खालच्या बाजूला जाळीचं कापड शिवून घेतलं तर पाणी अडकून राहत नाही.

लाइफ जॅकेटलाही असाच वास येतो. तिथे व्हिनेगर, ब्लीच, गरम पाणी काही नको. सौम्य साबण, गोडं पाणी आणि सावलीत टांगणं, एवढंच. पट्टा झिजला असेल, बक्कल नीट लागत नसेल किंवा कापड हाताने ओढल्यावर फाटत असेल, तर ते जॅकेट बाजूला काढा. वास गेला म्हणून ते जीव वाचवेल असं नाही.

शेवटी रोजची सवय. शेवटची फेरी झाली की गाद्या होडीत सोडू नका. गोड्या पाण्याने पुसून उभ्या करून ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधू नका, माळ्यावर हवा खेळेल अशा ठेवा. गटात आठवड्याला एकीवर ही जबाबदारी द्या आणि वहीत नोंद करा. महिन्याला सोडा-साबणाचा थोडा खर्च होईल, पण नवीन फोमचा मोठा खर्च टळेल आणि आलेला पाहुणा पुन्हा येईल.

घरातल्या गाद्या, उशा, भजनी मंडळाच्या बैठका यांनाही हीच रीत लागू पडते. फक्त कापसाची गादी पाण्यात बुडवू नका. तिला ऊन द्या, झोडपा, आणि फारच ओल लागली असेल तर कापूस पिंजून घ्या. चला तर, ऊन आहे तोवर कामाला लागू या.