लांबलेल्या डोळ्याचा नकाशा

शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कुठेही छेद न देता थेट पाहता येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा. १८५१ साली हेल्महोल्ट्झने आपल्या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाचा हा पडदा डॉक्टरांच्या नजरेच्या टप्प्यात आला. माझ्या चष्म्याचा नंबर उणे अकरा. त्यामुळे या पडद्याची चित्रं मी रुग्ण म्हणून काढून घेत आलो आणि कुतूहलापोटी त्यांच्याविषयी वाचत गेलो. माझ्यासारख्या डोळ्याचं चित्र आज मिनिटाभरात निघतं. पण ते कोणत्या मापाचं आहे, हा प्रश्न त्या वाचनात पुन्हापुन्हा समोर आला.

तीव्र मायोपिया म्हणजे नुसता जाड चष्मा नव्हे. साधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर भरतो. उणे सहाच्या पुढे ही लांबी बहुधा २६ च्या पलीकडे जाते. माझी २८ आहे. फरक ज्वारीच्या दाण्याएवढा, पण तेवढ्यानं आतले थर ताणले जातात. पडद्याला मागून रक्त पुरवणारा रंजितपटल एरवी पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. खूप लांबलेल्या डोळ्यात तो त्याच्या निम्म्याहूनही पातळ होऊ शकतो. या दोन थरांमधलं ब्रुखचं आवरण कधी तडकतं आणि त्या फटीतून नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वर शिरतात. त्या पाझरतात, रक्तस्राव होतो आणि नेमका वाचनाला लागणारा मध्यभाग, म्हणजे पीतबिंदू, दुखावतो. वेळेत ओळखलं तर डोळ्यात इंजेक्शन देऊन ही वाढ रोखता येते. उशीर झाला तर मागे व्रण उरतो.

अशा वाहिन्या शोधण्याची जुनी वाट रंगाची. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्व्हिस या दोघांनी १९६१ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. दंडाच्या शिरेत फ्लुओरेसीन टोचायचं, ते काही सेकंदांत डोळ्यात पोचतं, निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं आणि कॅमेरा फोटो टिपत राहतो. रंग कुठून पाझरतो तेही दिसतं. मात्र काहींना मळमळतं आणि क्वचित गंभीर ॲलर्जी होते. दर भेटीला ही तपासणी करता येत नाही.

नवी वाट ओसीटी अँजिओग्राफीची. १९९१ मध्ये पुढे आलेल्या ओसीटी तंत्रात प्रकाशाच्या परावर्तनातून पडद्याचा उभा छेद मिळतो. आता त्याच रेषेवरून प्रकाश लागोपाठ फिरवायचा आणि छेद एकमेकांशी ताडून पाहायचे. ऊती जागच्या जागी असतात, म्हणून त्यांची चित्रं जुळतात. रक्तपेशी पुढे सरकलेल्या असतात, म्हणून तेवढीच जागा बदलते. हा बदल जिथे जिथे सापडतो तिथे यंत्र रक्तवाहिनी रेखाटतं. सुई नाही, रंग नाही. अर्थात पाझर यात दिसत नाही, आणि नजर हलली तर खोट्या रेघा उमटतात. म्हणून शंका राहिली की डॉक्टर आजही रंगाच्या तपासणीकडे वळतात.

मापाची अडचण इथूनच सुरू होते. यंत्र प्रकाश ठरावीक कोनात फेकतं. टॉर्च तोच ठेवून भिंत लांब नेली की उजेडाचं वर्तुळ मोठं होतं, तसंच इथे. सरासरी डोळ्यात ३ मिलिमीटरचा चौरस टिपणारं यंत्र माझ्या डोळ्यात, बेनेटच्या सूत्रानुसार, साधारण साडेतीन मिलिमीटरचा चौरस टिपतं. पण चित्राखाली ३ च लिहितं. शेताच्या मोजणीची साखळी ताणून लांब झाली, तर शेत कागदावर कमी भरतं. त्याच न्यायानं पीतबिंदूच्या मधोमध असलेली रक्तवाहिनीविरहित जागा यंत्रानं ०.३० चौरस मिलिमीटर सांगितली, तर २८ मिलिमीटरच्या डोळ्यात ती खरोखर ०.४२ च्या आसपास असते. वाढलेली जागा सामान्य वाटू शकते.

दुसरी चूक उलट्या दिशेची. यंत्र आपले आकडे ज्या निरोगी डोळ्यांशी ताडून हिरवा किंवा लाल रंग देतं, त्या संचातून तीव्र मायोपियाचे डोळे बहुतेक वेळा वगळलेले असतात. ताणलेल्या पडद्यावर वाहिन्या मुळातच विरळ दिसतात आणि काचबिंदूतही त्या विरळ होतात. लाल रंग नेमका कशाचा, हे अशा डोळ्यात एका चित्रावरून ठरत नाही. शिवाय डोळ्याची मागची भिंत फुगून खोलगट झाली असेल, तर यंत्र थरांच्या सीमाच चुकीच्या आखतं आणि वाहिन्या भलत्या थरात दाखवतं.

यावर उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. डोळ्याची लांबी मोजायला काही क्षण लागतात. तो आकडा अहवालावर असावा आणि माप त्यानुसार सुधारून घ्यावं. परक्या सरासरीशी तुलना करण्याऐवजी त्याच डोळ्याची, त्याच यंत्रावर काढलेली जुनी चित्रं शेजारी ठेवावीत. मी माझे अहवाल तारखेनुसार एका फायलीत लावून ठेवतो आणि दर वेळी सोबत नेतो.

२०१६ मध्ये ब्रायन होल्डन आणि सहकाऱ्यांनी वर्तवलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातली निम्मी माणसं मायोपियाची असतील आणि दहांतला एक जण तीव्र मायोपियाचा. इतक्या लोकांना अपवाद म्हणून संचाबाहेर ठेवणं परवडणार नाही. तोवर ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी घरच्या घरी एवढं करावं: एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहावी. सरळ कड एकाएकी वाकडी दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.