कॅल्शियम नावाचा फ्लॅटमेट

बारावीचा शेवटचा पेपर झाला, त्या दिवशी बहुतेकांचा केमिस्ट्रीशी ब्रेकअप होतो. जर्नल रद्दीत, पिरिऑडिक टेबल डोक्यातून डिलीट, आणि 'मोल कन्सेप्ट' हा शब्द रीयुनियनला हसण्यापुरता उरतो. पुढे कुणी आयटीत जातं, कुणी बँकेत, कुणी माझ्यासारखं मीडियात. पण गंमत अशी, की आपण केमिस्ट्रीला सोडलं तरी ती आपल्याला सोडत नाही. ती बाथरूमच्या नळातून येते, ओट्यावर डाग पाडते, विजेचं बिल वाढवते आणि भाद्रपदात चक्क देवघरापर्यंत पोचते.

पटत नाही? मग माझ्या फ्लॅटमेटला भेटा. नाव कॅल्शियम, अणुक्रमांक 20. भाडं देत नाही, घरभर पसारा करतो आणि बाहेर काढायला गेलं तर थेट नदीची वाट धरतो. 1808 साली हम्फ्री डेव्हीने लंडनमध्ये याला पहिल्यांदा एकटं पाडलं. त्याआधी हा कायम कुणाच्या तरी जोडीनेच सापडायचा. आपल्या घरातही तो जोडीनेच राहतो. कधी कार्बोनेटबरोबर, कधी सल्फेटबरोबर, कधी साबणाबरोबर. पुढची सगळी स्टोरी या जोड्यांची आहे.

फेस का येत नाही?

पुण्याच्या पश्चिमेला, म्हणजे वाकड, बावधन, हिंजवडीकडे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मार्च उजाडला की सोसायटीच्या गेटवर टँकरची रांग लागते. बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. शॅम्पू केला तर केसांचा झाडू, टाइल्सवर पांढरे ठिपके आणि कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ आपली टणकच. आई एका वाक्यात निकाल देते, "पाणी जड आहे गं तुमच्याकडचं."

शाळेच्या पुस्तकात याला एक भारी शब्द होता, 'दुष्फेन'. फेस यायला कठीण ते दुष्फेन, सहज येतो ते सुफेन. व्याख्या पाठ करायची गरजच नाही, शब्दातच आहे.

आतला फंडा सोपा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेतं. साबण म्हणजे तेलातल्या आम्लाची आणि सोडियमची जोडी. कॅल्शियम आला की तो सोडियमला बाजूला सारून साबणाशी स्वतःच जोडी जमवतो. ही नवी जोडी पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला बसतो तो चिकट, करडा थर हाच. सगळा कॅल्शियम असा गुंतून संपेपर्यंत फेस येत नाही, म्हणून साबण जास्त लागतो. डाळीचंही असंच काहीसं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट बांधतो. म्हणून आजी डाळीत चिमूटभर सोडा टाकायची.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. सोसायटीच्या वॉटर रिपोर्टमध्ये 'टोटल हार्डनेस' हा कॉलम असतो. पुढच्या मीटिंगला पार्किंगवर भांडून झालं की तो एकदा मागून बघा. आणि घाबरू नका, कॅल्शियम काही विष नाही. आपल्या शरीरात तो साधारण किलोभर असतो आणि त्यातला 99 टक्के हाडांत आणि दातांत.

गीझरमधला पांढरा पाहुणा

जड पाण्यातला कॅल्शियम बराचसा बायकार्बोनेटच्या जोडीने विरघळलेला असतो. पाणी तापलं की ही जोडी फुटते. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू. तो गीझरच्या कॉइलवर थर देऊन बसतो. हा थर उष्णतेला अडवतो. मग आतली कॉइल तापत राहते, पाणी मात्र कोमट, आणि मीटर पळतोय! सहा महिन्यांत काळी पडलेली कॉइल बघून आपण कंपनीला शिव्या घालतो, पण अर्धा गुन्हेगार नळातून आलेला असतो.

यावर उतारा आंबट. चहाच्या इलेक्ट्रिक केटलमध्ये पाणी आणि चमचाभर लिंबूसत्व घालून उकळा. बुडबुडे येतात, ते खडूतून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. अर्ध्या तासात केटल चकाचक. हीच रिअ‍ॅक्शन नको तिथेही होते. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचेच दगड, आणि संगमरवरही त्याच खानदानातला. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून तसंच ठेवलं की जो डाग पडतो, तो डाग नसतोच. तिथला दगडच थोडासा विरघळलेला असतो. म्हणून घासून जात नाही.

इथे मस्करी नाही

नळावरचे पांढरे ठिपके जात नाहीत म्हणून लोक टॉयलेट क्लीनर वापरतात. लेबल वाचा. बऱ्याच बाटल्यांवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं. खडूवर ते मस्त चालतं. प्रॉब्लेम होतो तो "अजून स्वच्छ" करायच्या नादात.

आमच्या विंगमधल्या एका काकूंकडे दिवाळीच्या साफसफाईत हेच झालं. कामवाल्या मावशींनी आधी अ‍ॅसिडवालं क्लीनर टाकलं आणि त्यावरच पांढरे कपडे धुवायचं ब्लीच ओतलं. बाथरूमची खिडकी बंद. मिनिटभरात मावशी खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या. काकूंनी प्रसंगावधान राखून त्यांना गच्चीत नेलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि थेट डॉक्टर गाठला. मावशी बऱ्या झाल्या, पण आठवडाभर छाती भरल्यासारखी होती.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला होता. आपल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये त्याला पळायला जागाच नसते. आपण ऑफिसात असताना हे काम बहुतेक घरांत दुसरंच कुणीतरी करतं आणि बाटलीवरची इशाऱ्याची ओळ इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात असते. ती त्यांना मराठीत समजावून सांगणं ही आपली जबाबदारी. दोन मिनिटांचं काम आहे.

बाप्पा आणि बादली

आता सगळ्यात नाजूक विषय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मामाने हौसेने आणलेली गणपतीची मूर्ती बसली. फूटभर उंच, सुरेख आणि पीओपीची. पाचव्या दिवशी प्रश्न आला, विसर्जन कुठे?

आधी केमिस्ट्री. जिप्सम नावाच्या खनिजात कॅल्शियम सल्फेटबरोबर पाणीही बांधलेलं असतं. ते दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की तीन चतुर्थांश पाणी निघून जातं. उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून हे नाव. या भुकटीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत पकडते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि वस्तू कडक होते. शाळेत हात मोडल्यावर घातलेलं प्लास्टर गरम लागलं होतं, आठवतंय? ती या रिअ‍ॅक्शनची उष्णता.

म्हणजे पीओपी वाळतं तेव्हा त्यातलं पाणी सगळं उडून जात नाही, बरंचसं स्फटिकात अडकून बसतं. मूर्तीचं पुन्हा जिप्सम झालेलं असतं. ते एका लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. दोन किलोच्या मूर्तीला हिशेबाने आठशे ते हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे गच्चीवरची एक अख्खी टाकी. तीही लगेच नाही. म्हणून विसर्जनानंतर नदीकाठी ती दृश्यं दिसतात, जी बघून कुठल्याही भक्ताच्या पोटात तुटतं.

याच्यावर तोडगा निघाला तो पुण्यातच. पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने, अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुढे आणली आणि 2016 च्या सुमारास पुणे महापालिकेने ही पावडर नागरिकांना वाटलीही. बेकरीवाले बिस्किटं खुसखुशीत करायला वापरतात तीच ही पावडर. बादलीत पाणी घ्यायचं, साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर विरघळवायची, मूर्ती ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते.

कशी? जोडीदार बदलून. जिप्समपेक्षा खडू शंभरपटीहून कमी विरघळतो. त्यामुळे मूर्तीतून सुटलेला थोडासा कॅल्शियम लगेच कार्बोनेटशी जोडी करून खडू होतो आणि तळाशी बसतो. पाण्यातला कॅल्शियम कमी झाला की मूर्तीतून आणखी सुटतो, तोही पकडला जातो. बारावीत ज्या ल शातेलिएच्या तत्त्वाने रडवलं होतं, ते हेच! सल्फेट अमोनियमबरोबर निघून जातं. ते अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतकरी वापरतात ते खत. दोन किलोच्या मूर्तीतून किलोच्या थोडा वर खडू आणि दीड किलोच्या आसपास खत.

मी हे घरी सांगितलं आणि बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, पाच दिवस ज्याची आरती केली, त्याला केमिकलच्या बादलीत?" मला उत्तर सुचेना. कारण त्यांचा प्रश्न केमिस्ट्रीचा नव्हताच. उत्तर आईने दिलं. "अहो, उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची हलवली. बाप्पा आपल्या घरी निघाले. मागे राहिलं ते आपण आणलेलं सामान. ते नीट आवरायला नको?" बाबांनी तरी अट घातली. बादली नवी, कोरी हवी आणि आरती बादलीपाशी पुन्हा व्हायला हवी. दोन्ही मान्य. बाल्कनीत अमोनियाचा वास दोन दिवस होता, बाबा अधूनमधून स्वतःच ढवळून येत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "पुढच्या वर्षी शाडूची आणा. हा उद्योग नको."

बाबांचं बरोबर होतं. कारण बादली रंगाचं काही करू शकत नाही. रंगात शिसं किंवा क्रोमियम असेल तर ते तळाच्या खडूत आणि पाण्यात उरतंच. शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुठल्याही रिअ‍ॅक्शनने नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. म्हणून रंगीत मूर्तीचं पाणी कढीपत्त्याच्या किंवा टोमॅटोच्या कुंडीत मुळीच घालू नका. शाडूचं मात्र वेगळं. ती चिकणमाती. भट्टीत न भाजलेली असल्याने ती पाण्यात मऊ होऊन सुटी होते आणि पुन्हा मातीच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना नकार दिला, तो उगाच नाही.

टॉवरपासून समुद्रापर्यंत

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलाय. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुना मिळून खडू होतो. याच्या उलटा प्रवास सिमेंटच्या भट्टीत होतो. तिथे चुनखडी तापवतात, चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमधून येतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनातून नव्हे, तर दगडातूनच सुटतो. थ्री बीएचकेचं स्वप्न बघताना हे ध्यानात असू द्या.

हवेतला बराच कार्बन डायऑक्साइड समुद्र पितो आणि आंबटतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा पीएच 8.2 वरून 8.1 च्या आसपास आलाय. 0.1 म्हणजे किरकोळ वाटतं, पण पीएचची पट्टी दसपटीची असते, त्यामुळे आम्लता जवळपास 30 टक्के वाढली. तिसऱ्या, कालवं, मालवणजवळची प्रवाळं, सगळ्यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. ओट्यावरच्या लिंबाची गोष्ट, फक्त खूप मोठ्या आणि खूप संथ स्केलवर.

फ्रिजवर लावा

- अ‍ॅसिडवालं क्लीनर आणि ब्लीच एकाच दिवशी, एकाच जागी नको. अमोनियावालं काच क्लीनर आणि ब्लीचही नको.
- चुकून मिसळलंच तर वाकून धुवत बसू नका. आधी बाहेर पडा, दारं उघडा, त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा.
- व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून 'सुपर क्लीनर' बनत नाही. आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. वेगवेगळे वापरा.
- गीझरचा थर्मोस्टॅट कायम फुलवर नको. पाणी जितकं गरम, तितका थर लवकर.
- कडप्पा, शहाबादी, संगमरवर यांच्यापासून लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड लांब.
- गणपती बुक करताना भावाआधी विचारा, "शाडूची आहे का? रंग कुठला?"