व्हॉलट्यूबची बरणी

पुण्यात नारायण पेठेत आमचं सायकलचं दुकान होतं. सायकली तासावर भाड्याने मिळत, दुरुस्तही होत. फळीवर सोल्युशनच्या ट्यूबांशेजारी एक काचेची बरणी असे आणि तिच्यात व्हॉलट्यूबचं भेंडोळं. गिऱ्हाईक "हवा राहत नाही हो" म्हणत आलं की माझे वडील, अण्णा, लगेच टायर खोलत नसत. आधी बोटावर थुंकी घेऊन व्हॉलच्या तोंडाला लावायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. थुंकीचा बुडबुडा फुगला की दुखणं व्हॉलचं. मग बरणी उघडायची, दोन पेरांएवढी नळी कापायची, तोंडात ओली करून व्हॉलच्या काडीवर सरकवायची. एका मिनिटाचं काम. पंक्चरच्या धास्तीने आलेला माणूस पाच पैशांत सुटायचा.

ती काडी पुढे कितीतरी वर्षांनी मी भिंगाखाली धरून पाहिली. टोक बंद, आणि बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. भोकावर रबरी नळी ताणून बसवलेली. पंपाने हवा रेटली की ती भोकातून निघते, रबराला जरा दूर सारते आणि ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला की आत कोंडलेली हवा त्याच रबराला भोकावर दाबून धरते. पाहुणा घरात आला आणि त्यानेच आतून कडी लावून घेतली, असा प्रकार. स्प्रिंग नाही, चाती नाही. वुड्स नावाच्या माणसाची ही १८९१ सालची युक्ती. उन्हाने रबर चिकट होतं एवढा तिचा एकच दोष, आणि त्या दोषावर आमच्यासारख्यांची दुकानं चालली.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात चिकटलो. तिथे जुन्या पेटंटांची चित्रं हाताखालून जायची. एके दिवशी एका चित्रात आमच्या दुकानातलीच वस्तू दिसली, बाणांनी आणि आकड्यांनी टोचलेली. तेव्हापासून हा नाद लागला.

मराठीत 'पेटंट' शब्दाची आपण फार गंमत केली आहे. मास्तरांचा पेटंट विनोद, काकूंचं पेटंट उत्तर. म्हणजे तेच ते, शंभरदा ऐकलेलं. कायद्यातलं पेटंट याच्या नेमकं उलट असतं. जे आधी कुठे झालेलं नाही, जाणकाराला सहज सुचलं नसतं आणि प्रत्यक्षात बनवता येतं, त्यालाच ते मिळतं. तो एक सौदा आहे. सरकार म्हणतं, तुझी युक्ती दुसऱ्या कारागिराला वाचून करता येईल इतकी उघड लिहून दे. बदल्यात ठरावीक वर्षं तुझ्या परवानगीशिवाय कुणी ती बनवणार नाही, विकणार नाही. आपल्याकडे आज ही मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची. मुदत सरली की युक्ती सगळ्या गावाची.

आपल्या देशातला या प्रकारचा पहिला हक्क १८५६ साली नोंदला गेला. कलकत्त्याचे इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डी-पेनिंग यांना तो मिळाला, तोही पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा दोरीने ओढणारा माणूस ओट्यावर बसून पेंगायचा, त्याला हा उतारा.

पण मला सांगायचंय ते टायरबद्दल. हवेच्या टायरचं नाव काढलं की लोक डनलॉप म्हणतात. जॉन बॉइड डनलॉप हा स्कॉटलंडचा, बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर हादरे खाते म्हणून १८८७ साली त्याने पातळ रबराची नळी करून ती लाकडी चकतीभोवती बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने फुगवली. मग अंगणात आधी तीनचाकीचं भरीव रबराचं चाक घरंगळत सोडलं, नंतर ही चकती. चाक वाटेतच आडवं झालं. चकती अंगणभर धावली आणि फाटकाच्या खांबावर आपटून परत फिरली. १८८८ साली पेटंट मिळालं. १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा शर्यतवाला हे टायर लावून उतरला. ती जाडजूड चाकं पाहून लोक हसले. ह्यूम जिंकला. हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वी डू क्रो यांची मुलं होती, आणि बाप व्यवहारी. त्याने डनलॉपला सोबत घेऊन कंपनी काढली.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभते. पुढची मला जास्त आवडते. १८९० साली कंपनीला कळवण्यात आलं की तुमचं पेटंट रद्दबातल आहे. कारण १८४५ मध्येच रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलं होतं, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेरून चामडं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कात त्याने त्या चाकांची घोडागाडी चालवूनही दाखवली होती. चाकं उत्तम होती. पण रबर महाग, आणि ज्या वाहनाला त्यांची खरी गरज पडणार होती ती सायकल अजून रस्त्यावर यायची होती. थॉमसनचं पेटंट फायलीत गेलं आणि पंचेचाळीस वर्षांनी डनलॉपला आडवं आलं.

मग कंपनी बुडाली का? नाही, कारण टायर फुगवणं हा मुळात अवघड भाग नव्हताच. डनलॉपचा टायर कापडी पट्ट्या गुंडाळून चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं तर सगळं सोलून काढा, ट्यूब जोडा, पुन्हा चिकटवा आणि वाळायची वाट बघा. सायकलवाला तोवर झाडाखाली. चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने १८९० च्या सप्टेंबरात यावर तोड काढली आणि कंपनीने ते पेटंट विकत घेतलं. पुढे वुड्सचा व्हॉलही टायरला येऊन मिळाला. कंपनी तगली ती टायरच्या कडेवर आणि दोन पेरांच्या नळीवर.

वेल्चने काय केलं हे मला अण्णांनी आठव्या वर्षी शिकवलं. अर्थात वेल्चचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. साध्या सायकलच्या टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते. तार ताणली जात नाही. तारेचं कडं रिमच्या काठापेक्षा लहान असतं, म्हणून हवा भरल्यावर टायर उडून जात नाही. मग लहान कडं मोठ्या काठावरून चढतं कसं? मी टायर चढवायला बसायचो तेव्हा शेवटची वीतभर कड राहायची आणि काही केल्या चढायची नाही. मी पट्टी घालून जोर करायचो, ट्यूब चिमटायची आणि जुन्या पंक्चरशेजारी नवं तयार. अण्णा एक टपली मारायचे. "अरे, जिथे अडलंय तिथे झोंबू नकोस. समोरची कड बघ. ती खड्ड्यात ढकल." रिम मधोमध खोलगट असते. समोरची कड त्या खोलगटात ढकलली की तारेच्या कड्याला एका बाजूला चार-सहा मिलिमीटर ढील मिळते आणि अडलेली बाजू अंगठ्यानेसुद्धा काठावरून टुपकन आत पडते. हवा भरली की दोन्ही कडा आपापल्या जागी काठाला जाऊन भिडतात. ना डिंक, ना दोरी. एवढंच ते पेटंट. रोज चार वेळा माझ्या अंगठ्याखालून ते जात होतं.

पेटंटांची चित्रं बघून माझं एक मत झालं आहे आणि ते मी कुणाशीही वाद घालून सांगतो. नाव होतं ते कल्पना काढणाऱ्याचं, पण संसार चालतो तो बसवण्याच्या, सोडवण्याच्या, आवळण्याच्या युक्तीवर. स्वतः डनलॉपने पेटंटाच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतले, १८९५ मध्ये तो बाहेर पडला, आणि त्याच्या नावावर पुढे गडगंज झाले ते दुसरेच.

गोळ्यांचंच घ्या. लोक छर्रे म्हणतात, आम्ही गोळ्या म्हणायचो. पुढच्या चाकाच्या गोळ्या दीड सुती, एका बाजूला दहा. मागच्या दोन सुती, एका बाजूला नऊ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाक खोललं की आधी कपात गोळ्या मोजून ठेवायच्या. पॅरिसच्या ज्यूल स्युरिरेने १८६९ साली सायकलच्या आसाला गोळ्या घालायचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूरने तसल्या सायकलवर १० तास ४० मिनिटांत जिंकली. पण हाताने घडवलेल्या गोळ्या सारख्या येत नसत. एक जरी केसभर मोठी निघाली तरी सगळं वजन तीच झेलते, बाकीच्या नुसत्या बघत बसतात. मोठी कपाला ओरखडे काढते आणि महिनाभरात चाक कुरकुरतं. हे मला अनुभवाने ठाऊक आहे. एकदा ओव्हरऑइलिंगच्या वेळी माझ्या हातून एक गोळी गटारात गेली आणि मी गुपचूप दुसऱ्या डब्यातली जुनी गोळी घातली. पंधरा दिवसांनी ती सायकल परत आली. अण्णांनी चाक उचलून नुसतं फिरवलं, आसाला कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रिडरिश फिशरने एकसारख्या गोल गोळ्या घासून काढणारं यंत्र केलं, तेव्हा कुठे गोळ्या पोत्याने मिळू लागल्या.

आणि ज्याने काहीच नोंदवलं नाही असाही एक आहे. दोन जवळजवळ सारखी चाकं, मधे पॅडल, मागच्या चाकाला चेन, ही आजच्या सायकलची बैठक जॉन केम्प स्टार्लीने १८८५ मध्ये 'रोव्हर' नावाने बाजारात आणली. या रचनेचं पेटंट त्याने घेतलं नाही. सगळ्यांनी ती उचलली. पोलंडमध्ये मात्र सायकलला आजही 'रोवेर' म्हणतात.

शर्यतीच्या जगात वेगळीच तऱ्हा. तिथे युक्ती चांगली असून भागत नाही, नियमात बसावी लागते. गिअर बदलायची साधनं मिळत असतानाही 'टूर द फ्रान्स'मध्ये नामवंतांना ती १९३७ पर्यंत वापरू दिली नाहीत, कारण शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय. चढ लागला की शर्यतवाले खाली उतरत, मागचं चाक काढत आणि उलटं बसवत; दुसऱ्या बाजूला मोठी दातेरी चकती असे. इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलोची कथा सांगतात ती यातलीच. १९२७ च्या नोव्हेंबरात बर्फाळ घाटात त्याची बोटं गारठली आणि चाकाचे पंखनट सुटेनात. कथेत मीठमसाला किती ते सोडा, पण १९३० च्या सुमारास त्याने आसातून आरपार जाणारी सळई आणि टोकाला दांडी असलेला खटका केला. दांडी फिरवली की चाक आवळतं, उलटी फिरवली की सुटतं. पान्याची गरज नाही. आज पोरांच्या गिअरवाल्या सायकलींना जो खटका असतो तो हाच. अण्णांना तो बिलकूल आवडत नसे. "पान्याशिवाय सुटणारं चाक चोरासाठी केलेलं असतं," म्हणायचे.

आमच्या दुकानासमोर दर पंधरवड्याला एक धारवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवायची, मागचं चाक अधांतरी. त्याच्या कप्पीवरून पट्टा पुढे दांडीवर बसवलेल्या दगडाकडे. सीटवर बसून पॅडल मारायची की दगड गरगर फिरे, आणि विळीचं पातं टेकवलं की ठिणग्यांचा फवारा थेट आमच्या ओट्यापर्यंत. काम झालं की पट्टा काढून हँडलला अडकवला, सायकल खाली घेतली आणि निघाला पुढच्या वाड्यात. पट्टा घसरू नये म्हणून त्याने कप्पीला सुतळी गुंडाळली होती. ही जोडणी गावोगाव पसरली ती कागदाविना, एकाची बघून दुसऱ्याने.

१९९० नंतरच्या काळात मीही एक वस्तू केली. टायर चढवायची दांडी. एका टोकाला आकडा, तो आसाला लावायचा. दुसऱ्या टोकाला फिरती रिळासारखी चाकी, ती कडेखाली सरकवून दांडी ओढली की शेवटची वीतभर कड ट्यूब न चिमटता आत जाते. अण्णांनी सहा महिने वापरली, बरी आहे म्हणाले; त्यांच्याकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच. मी चित्रं काढली आणि मुंबईला एका एजंटकडे गेलो. त्याने पैसे घेतले आणि चार महिने फोन उचलला नाही. शेवटी एक पाकीट आलं. आत एका जुन्या परदेशी पेटंटाची झेरॉक्स होती, माझ्या आजोबांच्या जन्माच्या आसपासची. आकडा तोच, चाकी तीच. सोबत चिठ्ठी: नावीन्य नाही.

कागद घेऊन मी दुकानात गेलो. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र उजेडाकडे धरलं, मग उलटं करून पाहिलं.

"आकडा फार आखूड घेतलाय रे याने," म्हणाले. "मडगार्डाला अडेल. याच्या सायकलला मडगार्ड नसणार."

मग झेरॉक्सची घडी घालून ती बरणीखाली सरकवली आणि ओट्यापाशी सायकल धरून उभ्या असलेल्या पोराला विचारलं, "पुढचं का मागचं?"