रोपणाधारित स्तन पुनर्रचनेतील जोखीम घटक
कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर सिलिकॉन वेष्टनाचे रोपण बसवून त्याचा आकार पुन्हा घडवणे, यास रोपणाधारित स्तन पुनर्रचना म्हणतात. तिचे यश रुग्णाच्या प्रकृतीवरही अवलंबून असते. धूम्रपान, तंबाखू वा मिश्री यांतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. परिणामी रोपणावरील पातळ त्वचेचा रक्तपुरवठा घटून ती मृत होऊ शकते. स्थूलता (शरीर वस्तुमान निर्देशांक ३० किंवा अधिक) आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. किरणोपचारामुळे रोपणाभोवतीचे तंतुमय आवरण आवळून स्तन कठीण व वेदनायुक्त होण्याची शक्यता वाढते. गंभीर संसर्गात रोपण काढावे लागते, तसेच केमोथेरपीही लांबू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी किमान ४ आठवडे धूम्रपान सोडण्याचा व रक्तशर्करा आटोक्यात आणण्याचा सल्ला दिला जातो. धोका अधिक असल्यास पुनर्रचना पुढे ढकलणे, हाही पर्याय असतो.