गोगलगायीवर गोगलगाय सोडू नका



पाऊस सुरू झाला की बांधावर आणि कचऱ्याच्या ढिगाखाली शंखी गोगलगाय दिसू लागते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. ही मूळची आफ्रिकेतली. १८४७ मध्ये कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून पसरली.

मग कुणी विचारतं, "हिला खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडली तर?" हा प्रयोग होऊन गेला आहे. तो कसा अंगाशी आला ते पाहा.

प्रशांत महासागरात ताहिती आणि मूरिया ही बेटे आहेत. तिथल्या झाडांवर पार्टुला नावाच्या नखाएवढ्या गोगलगायी राहत. त्या पिकाला हात लावत नाहीत. पानांवरचं शेवाळ आणि कुजकी पाने खातात. अंडी न घालता एका वेळी एकच पिल्लू देतात, म्हणून त्यांची वाढ फार सावकाश. त्यांच्या शंखांच्या माळा तिथले लोक हौसेने घालत.

१९६७ मध्ये ताहितीत आफ्रिकन गोगलगाय शिरली. तिच्या बंदोबस्तासाठी १९७४ मध्ये ताहितीत आणि १९७७ मध्ये मूरियात अमेरिकेतली मांसाहारी गोगलगाय सोडली. ही चिकट माग काढत सावजापर्यंत जाते. तिने आफ्रिकन गोगलगाय काही संपवली नाही. झाडावरच्या गरीब गोगलगायी मात्र खाल्ल्या. दहा वर्षांत मूरियाच्या रानातून पार्टुलाच्या जाती जवळजवळ नाहीशा झाल्या.

ताहितीत जे टिकले त्यांतली एक जात म्हणजे पार्टुला हायालिना. तिचा शंख पांढरा. पांढऱ्या कपड्याला ऊन कमी लागतं, तसंच इथे. रानाच्या कडेला जिथे उजेड जास्त, तिथे ती पानांवर तग धरते. शिकारी गोगलगायीला तेवढं ऊन सोसत नाही. शास्त्रज्ञांनी ऊन मोजणारी बारीक यंत्रे शिकारी गोगलगायींच्या शंखांना चिकटवून हे तपासलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. इतर काही जाती परदेशच्या प्राणिसंग्रहालयांत जगवल्या होत्या. २०१५ पासून त्या परत बेटांवर सोडत आहेत.

तात्पर्य, सोडलेला प्राणी परत बोलावता येत नाही. आपल्या हातचे उपाय असे करा :

१. संध्याकाळी बांधावर ओली बारदाने किंवा गवताचे ढीग ठेवा. गोगलगायी खाली लपतात, सकाळी वेचा.

२. उघड्या हाताने वेचू नका, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. हिच्या अंगात माणसाला बाधणारे जंतू असू शकतात.

३. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून मारा आणि खड्ड्यात पुरा. मीठ शेतात टाकू नका, जमीन बिघडते.

४. शेताभोवती चुन्याचा पट्टा ओढा. पावसाने धुतला तर पुन्हा टाका.

५. मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी दिसली तर नष्ट करा. एका वेळी शंभरावर अंडी असतात.

६. विषारी गोळ्या वापरायच्या तर कृषी विभागाला विचारून. जनावरं आणि कोंबड्या लांब ठेवा.

एकट्याने वेचून भागत नाही, शेजारच्या बांधावरून ती पुन्हा येते. म्हणून सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात मोहीम काढावी.