जखमेच्या मापाची वही

सकाळी ७.३०. बोईसर

रात्रपाळी सुटली की कामगार घरी जाण्याआधी दवाखान्यात डोकावतात. तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे सगळे कारखाने, त्यामुळे दिवसाची सुरुवात बहुधा कापलेल्या नाहीतर भाजलेल्या हातांनी होते. आज ठेकेदाराकडचा एक कोवळा मुलगा आला. मनगटावर कॉस्टिक सोडा उडाला तर त्याने चिंधी गुंडाळून पाळी पूर्ण केली. आम्लाने भाजलं तर वरचा थर गोठतो आणि तोच बहुतेक वेळा पुढचा मार्ग अडवतो. कॉस्टिक मात्र चरबी विरघळवत खाली उतरत राहतं. चिंधी काढली, हात नळाखाली धरायला लावला आणि बराच वेळ हलू दिलं नाही. मलम मागाहून. जखम खोल आणि सांध्यावर होती, म्हणून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत ‘कामावर असताना’ हे शब्द आणि वेळ ठळक लिहिली. हे दोन शब्द नसले तर विम्याच्या हक्कासाठी पोराला पुढे खेटे घालावे लागतात.

९.३०. ड्रेसिंग

पंखा बंद करून ड्रेसिंगला बसतो. हा माझा सगळ्यात आवडता तास.

साठीचे काका, जुना मधुमेह, अंगठ्याखाली तळव्याला जखम. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवला, त्यांना कळलंही नाही. दुखत नाही म्हणून ते चालत राहतात, आणि चालतात म्हणून जखम भरत नाही. सलाईनने धुतली, कडेची जाड मेलेली कातडी काढली. मग स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक जखमेवर ठेवून पेनाने कड गिरवली. ती आकृती आलेखाच्या कागदावर धरून चौकोन मोजायचे आणि वहीत तारीख घालायची. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्यावर आली नाही, तर त्याच उपायांनी ती पुढे भरण्याची आशा थोडी असते. हा ठोकताळा जगभरच्या अनुभवातून आलाय, आणि तो वापरायला पेन आणि प्लास्टिक पुरतं.

“डॉक्टर, ती कोलॅजनची पट्टी लावा ना. पुतण्या म्हणतो, लवकर भरतं.”

“लावू काका, पण आधी या पायावरचा भार काढू. भार तसाच राहिला तर पट्टीचे पैसे पाण्यात.”

कोलॅजन म्हणजे तीन सरींचा पीळ घातलेला दोर. हा पीळ मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये उलगडला. जखमेत आधी घाईघाईने कच्चे धागे पडतात, मग महिनोन्‌महिने त्यांच्या जागी पक्के धागे येतात. तीन आठवड्यांनी वरून भरलेल्या कातडीत मूळ ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा असतो, आणि पुरी ताकद कधीच परत येत नाही. काकांना एवढंच सांगितलं, की कातडी मिटली म्हणून लगेच चप्पल घालून बाजारात निघू नका.

१.००. मुरबे

नारळी पौर्णिमा झालीय, बोटी पुन्हा समुद्रावर आहेत. एका मावशींच्या बोटात माशाचा काटा मोडलेला. तो काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जखम शिवली नाही. समुद्राच्या पाण्यातली जखम उघडी ठेवलेली बरी. याच गावातल्या एका बोटीला २०२१ मध्ये एका फेरीत दीडशेवर घोळ मासे मिळाले होते आणि कोटीवर भाव आला होता. ती किंमत मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची, आणि ती पिशवी बहुतांशी कोलॅजनच. मावशींना हे सांगितलं, त्यांना भारी वाटलं.

३.३०. मनोरकडचा पाडा

घोट्याच्या वर जखम, सिकलसेल असलेली तरुण बाई. अशा जखमा महिनोन्‌महिने रेंगाळतात, भरून पुन्हा फुटतात. आवणीच्या दिवसांत ती चिखलात उभी होती, आता बेणणीला जाते. मजुरी सोड म्हणणं मला जमत नाही. पाय उंचावर ठेवून झोपायचं, पट्टी खालून वर बांधायची आणि डाळ, सुकी मासळी, अंडं जे मिळेल ते खायचं, एवढं ठरलं. कोलॅजनचा पीळ घट्ट बसायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. १७४० च्या दशकात अ‍ॅन्सनच्या ब्रिटिश आरमारी सफरीत, याच जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झालेल्या एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली, अशी नोंद आहे. भरलेली जखमही शरीराला रोज राखावी लागते. सासूबाई ऐकत होत्या. “शेवग्याचा पाला चालंल का?” चालेल आजी, फार शिजवू नका.

६.०० ते ९.००

ताप, खोकला, रक्तदाब, गरोदर बायका, शाळेचे दाखले. पावसाळ्यात ओपीडी लवकर आटपत नाही.

९.४५. वही

आजच्या आकृत्या वहीत चिकटवतो. संशोधन म्हटलं की मोठी प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. पण सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध लावून त्याची चांदीयुक्त मलमाशी तुलना केली, आणि ती १९९१ मध्ये ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापून आली. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं. दोघांनीही हाताशी असलेली स्वस्त वस्तू घेतली आणि ती नीट मोजली. माझी वही त्या तोडीची नाही, पण कुठली जखम अडली ते मला चार आठवड्यांत कळतं, चार महिने जात नाहीत.

काकांची आकृती मागच्या आठवड्याएवढीच आहे. उद्या सकाळी त्यांच्या मुलाला फोन करून एक्स-रे काढायला सांगायचा. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला असेल, तर पायाच्या शल्यचिकित्सकाची वेळ याच आठवड्यात हवी.