पडदे नंतर, इंजिन आधी!
सेकंडहॅण्ड डिझेल मोटरहोम घेताय? मग मंडळी, आतल्या पडद्यांवर आणि लाइट्सवर फिदा होऊ नका. माझा फंडा सिंपल आहे. मालकाला आधीच सांगते, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' बॉनेट गरम लागलं की शंका घ्यायची. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. काळा धूर थांबेचना, तर इंजेक्टर आणि एअर फिल्टर तपासून घ्या. मग 'घर' बघा. छताचे कोपरे दाबा, गादीखाली हात घाला. ओल लागली म्हणजे पाणी झिरपतंय. शेवटी आरसी. टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम केली असेल, तर तो बदल आरटीओत नोंदलेला हवाच. नाहीतर उद्या इन्शुरन्सचा क्लेम अडकला, तर लाखोंचा भुर्दंड तुम्हालाच. अशी गाडी सरळ सोडा, पुढची बघा!